ज्युलियन यांचे ओक पार्क

महोदय,

शिकागोला खेटून असलेल्या ओक पार्कमध्ये लेकीकडे तीन महिने राहून नुकतीच परतले. नाव ‘व्हिलेज’, पण वस्ती पन्नास हजारांच्या वर. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांचे घर पाहायला लोक लांबून येतात. कादंबरीकार हेमिंग्वे यांचा जन्मही इथलाच.

माझ्या मनातून जात नाहीत ते पर्सी ज्युलियन. सोयाबीनपासून संप्रेरके बनवणारे हे थोर कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. १९५० मध्ये त्यांनी इथे घर घेतले, तर राहायला येण्याआधीच ते पेटवायचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी डायनामाइट फेकले गेले. घरात लहान मुले! ज्युलियन रात्री मुलाला सोबत घेऊन अंगणात पहारा देत. पण कुटुंब हलले नाही आणि कितीतरी शेजारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१९६८ मध्ये गावाने वर्णावरून घर नाकारण्याला कायद्याने बंदी केली. कृष्णवर्णीय शेजारी आले म्हणून गोऱ्यांनी घाबरून घरे विकू नयेत यासाठी पुढे दारातल्या ‘विकणे आहे’ पाट्याही काढायला लावल्या. गोरे निघून गेले आणि वस्ती दुभंगली, असे शिकागोच्या अनेक भागांत घडले. इथल्या लोकांनी ते घडू दिले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता तिथल्या एका शाळेला ज्युलियन यांचे नाव आहे. माझा नातू सहावीत तिथेच जातो. दप्तर पाठीला अडकवून निघालेला तो घोळका मी रोज सकाळी खिडकीतून पाहायची.

– एक वाचक, पुणे