खंड्याच्या डॉक्टरताईंस आभारपत्र

आदरणीय डॉक्टरताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचे, खंड्याचे, मागचे सांधे धरले आणि ऐन मे महिन्यात आम्ही त्याला आपल्याकडे आणले, तेव्हा वेदनाशामक गोळी लगेच लिहून देणे आपल्याला सहज शक्य होते. आपण ती दिली नाहीत, म्हणूनच हे जाहीर पत्र लिहीत आहे.

त्याला चालू असलेली सगळी औषधे आपण टेबलावर मांडायला सांगितलीत. अंगाच्या खाजेसाठी दुसरीकडून मिळालेल्या गोळ्यांची अर्धी कापलेली पट्टी उजेडात धरून आपण तिच्यावरचे ‘प्रेडनिसोलोन’ हे स्टेरॉइडचे नाव वाचलेत आणि हातातले पेन खाली ठेवलेत. स्टेरॉइडच्या जोडीला सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी दिली, तर कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, प्रसंगी जठराला छिद्रही पडते, हे त्या दिवशी आम्हाला प्रथम कळले.

बाहेर रुग्णांची रांग असतानाही आपण त्यामागचे कारण नीट उलगडून सांगितलेत. ज्या प्रोस्टाग्लँडिनांमुळे, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या रसायनांमुळे, सूज आणि वेदना वाढतात, त्यांतलीच काही जठराच्या अस्तराला आम्लापासून सांभाळतात आणि शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी ही रसायने घटवून वेदना शमवते, पण त्याबरोबर हे संरक्षणही कमी करते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, धापा टाकणाऱ्या वयस्क कुत्र्याच्या बाबतीत ही गोष्ट किती गंभीर आहे, हे मग वेगळे सांगावे लागले नाही. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा नॅप्रोक्सेन कुत्र्याला घरच्या घरी कधीही द्यायची नाहीत, हेही आपण बजावलेत. त्यातले नॅप्रोक्सेन तर कुत्र्याच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. (डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी 2006 साली बंदी आली ती, औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मरत होती म्हणून, पण माणसांसाठीची गोळी घरोघरी असतेच.)

आपण खंड्याला वेदनेत तसेच ठेवले नाहीत, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. स्टेरॉइड एकदम न तोडता हळूहळू कमी केलेत, तोवर गॅबापेन्टिन हे वेगळ्या प्रकारचे वेदनेवरचे औषध दिलेत, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरायला लावल्यात आणि त्याचे वजन उतरवायला सांगितलेत. मध्ये पुरेसे दिवस गेल्यावर, रक्तातील क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) आणि यकृताची तपासणी पाहूनच, कुत्र्यांसाठीचे मेलॉक्सिकॅम हे सूज उतरवणारे वेदनाशामक वजनाप्रमाणे मोजून, खाण्यासोबत सुरू केलेत, आणि काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करवून घेतलीत. आता तो स्वतःहून उठतो आणि जिन्याच्या दोन पायऱ्याही चढतो.

आपण दिलेल्या चिठ्ठीत लिहिले आहे: उलटी, डांबरासारखी काळी शी, अन्नावरची वासना उडणे, एकाएकी वाढलेली तहान, डोळ्यांत पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसल्यास पुढची मात्रा देऊ नये आणि त्याच दिवशी फोन करावा. लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात आणखी काही घरी वयस्क कुत्री आहेत. आपली हरकत नसेल, तर या चिठ्ठीच्या प्रती काढून त्या घरी द्याव्यात, असे मनात आहे. तेवढी परवानगी असावी.

आपले कृतज्ञ,
खंड्याच्या घरचे सर्वजण
लष्कर, ग्वाल्हेर