ऊसतोड मजूर हद्द ओलांडतो, संशोधन कधी ओलांडणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या तांड्या-वाड्यांवर ट्रॅक्टर येऊन लागतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी भांडीकुंडी, अंथरुणे, शेळी, लहान पोर असे सगळे ट्रॉलीत घालतात आणि गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात. पुढचे पाच-सहा महिने ही जोडपी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडात किंवा थेट बेळगावकडे कोप्या बांधून राहतात. आपल्या वाचकांना यात नवे काही नाही. मला लिहायचे आहे ते या माणसांवर आपल्या विद्यापीठांत जे संशोधन होते, त्याच्याविषयी. मी ३२ वर्षे महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवले. हा विषय निवृत्तीनंतरही मला सोडत नाही.

काही वर्षांपूर्वी ऊसतोड मजुरांवरचे दोन पीएचडी प्रबंध एकाच सुमारास माझ्या हाती आले. एक मराठवाड्यातल्या गावांत फिरून केलेला, दुसरा पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर. दोन्ही मुलांनी जीव ओतून काम केले होते. एकाने सहा गावे पायी पालथी घातली होती, तर दुसऱ्याने थंडीत पहाटे चारला फडावर जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. मी हौसेने दोघांचे तक्ते जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. तीन संध्याकाळी बसले, पण ते काही जुळेनात. पहिल्याने रेशनकार्डावरचे कुटुंब हे एकक धरले होते. दुसऱ्याने कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचलीची रक्कम एकाने वर्षाची विचारली, दुसऱ्याने हंगामाची. मुलींच्या लग्नाचे वय गावाकडच्या प्रबंधात होते, फडावरच्यात नव्हते. बायकांच्या दुखण्यांचे आणि खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसांचे, प्रश्न फडावरच्यात होते, गावाकडच्यात त्यांचा पत्ता नव्हता. हे दोन अभ्यासक एकमेकांना कधी भेटलेच नव्हते, कारण त्यांची विद्यापीठे वेगळी आणि मार्गदर्शक वेगळे. बाई मात्र एकच होती. नोव्हेंबरपर्यंत ती एका विद्यापीठाच्या हद्दीत राहायची आणि नंतर दुसऱ्याच्या.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या दिवसांत मला ओळखीच्या पत्रकारांचे फोन येत होते. या शस्त्रक्रिया हंगामाआधी होतात की पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर? त्यासाठीचे पैसे उचलीतून जातात का? शस्त्रक्रिया झालेली बाई पुढच्या वर्षी किती दिवस फडात उभी राहते? इतकी वर्षे हा विषय शिकवूनही माझ्याकडे सांगण्याजोगा एक आकडा नव्हता. उत्तर मिळण्यासाठी त्याच बाईला गावात एकदा आणि फडात एकदा गाठावे लागले असते. एकट्या संशोधकाला ते झेपत नाही. एकाच विद्यापीठालाही झेपणार नाही.

असे काम आपल्याकडे झालेलेच नाही, असे कोणी म्हणू नये. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेड ही गावे निवडली. सोबत तेव्हाच्या आंध्रातलीही गावे होती. प्रत्येक गावात ४० घरे, त्यांतली १० भूमिहीन मजुरांची. तपासनीस गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन मजुरी, कर्ज, पेरणी, घरखर्च विचारत. शिरापूर आणि कंझऱ्यात हे १० वर्षे चालले. अवर्षणात गरीब घर कसे तगते, शेजारी त्याला किती सावरतात, याची जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी जी चर्चा केली, तिच्यात मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरची नोंद आहे. सगळ्या गावांत तोच प्रश्न त्याच पद्धतीने विचारला गेला आणि ती माहिती इतरांना वापरायला मिळाली, म्हणून हे घडले. आमच्या मराठी पाठ्यपुस्तकांत शिरापूरचे नाव मला कधी आढळले नाही, याचे मात्र वाईट वाटते.

विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेल्या कामाचा दाखला हवा असेल तर ‘लोकनीती’चा आहे. दिल्लीच्या सीएसडीएस या समाजशास्त्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये निवडणुकांच्या अभ्यासाचे हे जाळे उभे केले. राज्याराज्यांतले प्राध्यापक त्यात आले. आपल्याकडून पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातल्या सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही धुरा वाहिली. निवडणुकीनंतरच्या एका सर्वेक्षणात आमच्या गावच्या दोन मुलींनी काम केले होते. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परतल्या तेव्हा त्यांची बोलायची रीतच बदललेली होती. मतदारयादीतून निवडलेल्या नावाच्याच माणसाला भेटायचे, तो घरी नसेल तर शेजाऱ्याला विचारून भागवायचे नाही, हे त्या मला ठासून सांगत होत्या. एका आजोबांसाठी त्या तीन वेळा गेल्या. संशोधन पद्धतीचा पेपर मी वर्षानुवर्षे शिकवला, पण असा विद्यार्थी माझ्या वर्गातून क्वचितच बाहेर पडला असेल.

मग असे जाळे ऊसतोडीसाठी, पाण्यासाठी, स्थलांतरासाठी का विणले जात नाही? पैशाचे कारण पुढे केले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. पण माझ्या मते मोठी अडचण आम्हा प्राध्यापकांच्या गुणांकनात आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतला तक्ता पाहावा. शोधनिबंधाला दोन लेखक असतील तर दोघांना ७०-७० टक्के गुण मिळतात. तिसरा लेखक आला की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. संयुक्त प्रकल्पाचे गुण मुख्य संशोधक आणि सहसंशोधक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. बढतीची फाइल भरणारा तरुण प्राध्यापक हा हिशेब करणारच. चार विद्यापीठांतल्या आठ जणांनी दोन वर्षे राबून एक निबंध लिहायचा आणि सात जणांनी ३० टक्क्यांवर समाधान मानायचे, तर तो घरी बसून एकट्याने चार निबंध लिहील. मी त्याला दोष देत नाही. या तक्त्याने सहकार्याला दंड लावून ठेवला आहे आणि तो तक्ता बदलायला हवा.

दुसरी गोष्ट माणसांच्या मानाची आहे. विद्यापीठाचा विभाग प्रकल्प आणतो तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला निरोप येतो, ‘तुमची दहा मुले द्या, फॉर्म भरून घ्यायचे आहेत.’ प्रश्नावली करताना त्याला कोणी विचारत नाही आणि निष्कर्ष छापून आल्यावर कोणी कळवत नाही. वास्तविक ‘कुटुंब’ विचारायचे की ‘कोयता’, हे त्याने पहिल्याच बैठकीत सांगितले असते. धारूर, गेवराई, पाथर्डीच्या महाविद्यालयांत अशी माणसे आहेत. त्यांचे विद्यार्थीच ऊसतोड मजुरांची मुले आहेत. जाळे विणायचे असेल तर या लोकांना पहिल्या दिवसापासून बरोबरीने बसवावे, आणि त्यांचे नाव लेखकांत असावे, आभाराच्या ओळीत नव्हे.

तिसरी गोष्ट माहिती जपण्याची. आपल्याकडे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतो, पण भरलेल्या प्रश्नावल्या माळ्यावर जातात आणि पुढे रद्दीत. दिल्लीच्या एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने आणि अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाने २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये केलेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीतच ४१ हजारांहून अधिक घरे होती. ती माहिती आज कोणीही वापरू शकतो, कारण ती अमेरिकेत मिशिगनला १९६२ पासून चालत आलेल्या आंतरविद्यापीठ भांडारात नीट जपली आहे. आमच्या घरांतली उत्तरे तिथे सुखरूप आहेत याचा आनंद आहे, पण आमच्या प्राध्यापकांनी गोळा केलेली उत्तरे कुठे आहेत? आयसीएसएसआरचे, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे, पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे. ज्या संस्थेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, तिने मराठी मुलखातल्या सर्वेक्षणांची माहिती, उत्तरे देणाऱ्यांची नावे-गावे काढून, एके ठिकाणी ठेवण्याचे काम हाती घ्यावे, ही माझी विनंती आहे.

सुरुवात लहानच असावी. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर आणि बेळगाव येथील विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांनी दोन दिवस एकत्र बसून एकच प्रश्नावली करावी, मराठीत आणि कन्नडमध्ये. २०० कोयते निवडावेत. सप्टेंबरमध्ये त्यांना गावी भेटावे, जानेवारीत फडावर भेटावे आणि पट्टा पडल्यावर मे महिन्यात पुन्हा गावी. फडावर भेटताना मुकादम जवळ उभा नसेल, याची काळजी घ्यावी, नाहीतर बाई बोलत नाही. आणि जे निघेल ते आधी त्या गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे.

त्या दोन प्रबंधांच्या कोऱ्या प्रश्नावल्या, आणि कुठे काय जुळत नाही याची माझ्या हस्ताक्षरातली वही माझ्याकडे आहे. कोणत्याही विभागाने बैठक बोलावली तर स्वखर्चाने एसटीने येऊन मी ती त्यांच्यापुढे ठेवीन. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी बोलावले तर बरे, म्हणजे या वर्षीचे कोयते निघण्याआधी गावातली पहिली भेट होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, अंबाजोगाई