पुण्यात जन्मलेल्या पेनिक्विकसाठी एक फलक

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तमिळनाडूत कंबमच्या खोऱ्यात गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या ओसरीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत मिशीवाल्या एका गोऱ्या साहेबाचा फोटो होता. काचेवर कुंकवाचा टिळा, वर ताजा हार. मी पुण्याचा म्हटल्यावर घरधन्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. "म्हणजे पेनिक्विकच्या गावचे!" मला ते नावही ठाऊक नव्हतं. ती लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

ब्रिटिश लष्करी अभियंता कर्नल जॉन पेनिक्विक यांचा जन्म १५ जानेवारी १८४१ चा, पुण्यातला. आठवा वाढदिवस दोन दिवसांवर आला असताना वडील आणि थोरला भाऊ पंजाबात शिखांविरुद्धच्या चिलियनवालाच्या लढाईत एकाच दिवशी पडले. हा मुलगाही लष्करात गेला, पण आयुष्य घातलं ते पाण्यासाठी.

कोयनेचं पूर्वेला जाणारं पाणी आपण विजेसाठी पश्चिमेला कोकणात उतरवलं. पेनिक्विकनी नेमकं उलट केलं. अरबी समुद्राकडे धावणारी केरळातली पेरियार नदी अडवली आणि डोंगरातून बोगदा काढून तिचं पाणी पूर्वेच्या कोरड्या वैगई खोऱ्यात सोडलं. काम १८८७ ला सुरू झालं. घनदाट जंगल, हिवताप, आणि पावसाळा आला की बांधलेलं वाहून जायचं. तरी १८९५ ला चुना-सुरखीचं (सुरखी म्हणजे विटांची पूड) १७६ फूट उंच धरण उभं राहिलं. ते आजही आहे. त्यावरून केरळ आणि तमिळनाडूत वाद चालू आहे, पण इथे तो विषय नाही.

तिकडे कंबम खोऱ्यातल्या लोअर कॅम्प या गावी त्यांचं स्मारक आहे, त्यांच्या वाढदिवसाला शेतकरी पोंगल शिजवतात. जन्मगावी मला त्यांच्या नावाची साधी पाटीही दिसली नाही.

साहेब, पुण्याच्या कॅम्पात एक फलक लावा, मराठीत आणि तमिळमध्ये. बायकोचे दागिने विकून धरण बांधल्याची गोष्ट तिकडे सांगतात, ती त्यावर नको. कागदोपत्री खरं तेवढंच लिहा. आणि तिथे तापाने मेलेल्या मजुरांसाठी एक ओळ मात्र हवीच.

अनावरण १५ जानेवारीला ठेवा, कंबमच्या शेतकऱ्यांना बोलवा. त्यांना आणायला स्टेशनवर मी स्वतः जाईन.

आपला,
एक पुणेकर