पोरांचं पात्र, पोरांचं ‘मी’

मा. संपादक,

बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये आपल्या पात्राला गोळी लागली की पारावरचं पोरगं ‘मी मेलो ना बे’ म्हणतं, ‘माझा गडी मेला’ असं म्हणत नाही. पोराचं आणि पात्राचं हे नातं खरं आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की आभासी जगात उंच पात्र मिळालेली माणसं पैशांच्या वाटाघाटीत जास्त ताठर होतात.

पात्र बहुतेक वेळ पाठमोरं दिसतं, म्हणून त्याचे कपडे सतत डोळ्यांपुढे असतात. स्किनने (पात्राच्या किंवा बंदुकीच्या विकतच्या सजावटीने) नेम सुधारत नाही, तरी पैसे तिथेच जातात. कापसाचे चुकारे खात्यात जमा होतात त्या दिवसांत पालकांनी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावावी आणि यूपीआय पिन पोराला सांगू नये. चुकून खरेदी झालीच, तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करावी.

रागाच्या भरात गेम उडवू नका. खातं गूगलला जोडलेलं असेल तर पात्र सर्व्हरवर टिकतं. कशालाच न जोडलेलं ‘गेस्ट’ खातं मात्र फोन रीसेट केला की बहुधा कायमचं जातं. दोन वर्षं जपलेलं पात्र असं गेलं तर पोरगं जेवत नाही, यात नाटक नसतं. आधी खातं जोडा, मग वेळ ठरवा.

तालुक्याला जुनी आयडी, म्हणजे दुसऱ्याचं गेमचं खातं, विकत घेणाऱ्या मुलांनीही सावध राहावं. मूळ मालक जोडलेल्या ईमेलवरून ती परत ओढून घेतो, आणि अशी विक्रीच नियमबाह्य असल्याने तक्रार टिकत नाही.

– दोन वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)