सगळं सामान आलं नाही

नागपूर,
12 एप्रिल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "सगळं नीट आलं का गं?" मी "हो, सगळं आलं" म्हटलं आणि लगेच चिनूच्या शाळेचं बोलायला लागले. तेव्हापासून जिवाला चैन नाही. पुण्याहून सगळं सामान आलेलं नाही. आई, लग्नात तुम्ही दिलेलं कपाट मी पुण्यातच विकलं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आज चिनू झोपल्यावर कागद घेऊन बसले आहे.

बाबा, तुमचा 50,000 चा चेक याच पाकिटात परत पाठवते आहे. रागावू नका. तुम्ही एफडी मोडून तो लिहिलात हे आईकडून कळलं. पैसे आले तेव्हा नड होती, हे मी लपवत नाही. ह्यांची पुण्याची कंपनी बंद झाली, दोन महिन्यांचा पगार अडकला आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीची नोकरी मिळाली ती सामान नेण्याचा खर्च न देणारी. इथल्या घराचं डिपॉझिट आणि चिनूची फी भरून हातात जे उरलं, त्यात घर हलवायचं होतं. पण ते हललं. कसं हललं ते सविस्तर लिहिते, म्हणजे चेक परत का आला हे तुम्हाला पटेल.

आधी सामान हलवून देणाऱ्या दोन नावाजलेल्या कंपन्यांकडे विचारलं. एकाने 43,000 सांगितले, दुसऱ्याने 38,500, वर जीएसटी वेगळा. तिसऱ्याचा आपणहून फोन आला, 17,000 म्हणाला, घर बघायलाही आला नाही आणि निम्मे पैसे आत्ताच पाठवा म्हणून मागे लागला. ह्यांच्या एका सहकाऱ्याचं सामान अशाच कुणीतरी दारात आणून उभं केलं होतं आणि आणखी 12,000 दिल्याशिवाय गाडीचं दार उघडलं नव्हतं. बायको-मुलं रस्त्यावर उभी, रात्रीची वेळ, माणूस देऊन टाकतो. मी त्या तिसऱ्याला नाही म्हणून सांगितलं.

मार्ग सापडला तो आपल्या कॉलनीतल्या फळवाल्या काकांमुळे. ते रोज पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणतात. म्हणाले, "ताई, तिकडून संत्र्याच्या गाड्या भरून येतात आणि परत जाताना भाडं शोधत बसतात. मृग बहाराची संत्री अजून चालू आहेत, आत्ताच बघा." त्यांनी एका अडत्याशी गाठ घालून दिली, अडत्याने काटोलकडच्या एका ड्रायव्हरशी. चौदा फुटी आयशर ट्रक. तो 18,000 म्हणाला, 15,000 वर ठरलं: 8,000 आधी डिझेलला आणि बाकी नागपुरात शेवटचा नग उतरल्यावर. ड्रायव्हर त्या अडत्याच्या माहितीतला, दहा वर्षं माल आणणारा. तरीही मी आरसी आणि लायसन्सचे फोटो काढून घेतले आणि ठरलेलं सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या. बाबा, हे तुमच्याकडूनच आलेलं आहे.

हे दोन आठवडे आधीच नागपूरला रुजू झाले होते. रोजचं जाणं-येणं म्हणून स्कूटर त्यांच्याबरोबर महाराष्ट्र एक्स्प्रेसने पार्सल केली. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसी आणि आधारची झेरॉक्स लागते, आणि गाडीला गोणपाट गुंडाळून शिवून घ्यावं लागतं. बांधणाऱ्याचे धरून 2,650 लागले. पोचल्यावर वेळेत सोडवली नाही तर दंड चढतो, म्हणून हे उतरल्या उतरल्या पावती घेऊन पार्सल ऑफिसात गेले. राज्य तेच असल्यामुळे आरटीओची एनओसी वगैरे काही लागली नाही.

म्हणजे बांधाबांध मी एकटीने केली. रोज शाळेतून आल्यावर चिनू मदतीला. आणि बांधताना सारखी गारगोटीच्या घराची आठवण यायची. बाबांची बदली झाली की तुम्ही दोघं ओसरीवर पोती पसरून बसायचात. आई सोलापुरी चादरींत ताटं गुंडाळायची आणि बाबा दाभणात सुतळी ओवून पोत्याची तोंडं शिवायचे. प्रत्येक पोत्यावर गेरूने आकडा आणि तोच आकडा वहीत. आजऱ्याला जाताना टेम्पोवाला घाई करत होता, तरी तुम्ही म्हणालात, नग मोजल्याशिवाय फाळका लावू द्यायचा नाही. मी तेव्हा आठ वर्षांची असेन.

मीही वही केली. गेरूऐवजी मार्कर. पुठ्ठ्याची खोकी मेडिकलवाल्याकडून आणि वाण्याकडून मागून आणली. पुस्तकं लहान खोक्यांत भरली, कारण मोठं खोकं पुस्तकांनी भरलं तर हमालालाही उचलत नाही आणि बूड फाटतं. स्टीलचे डबे रिकामे नेणं म्हणजे हवा नेणं, म्हणून त्यांत चिनूचे कपडे, मोजे, रुमाल. कपबशांना कागद विकत आणला नाही, सगळ्या जुन्या साड्यांत आणि पंचांत गेल्या. आदल्या दिवशी फ्रीज बंद करून कोरडा केला आणि ट्रकमध्ये उभाच ठेवायला लावला. इथे आणल्यावरही पाच तास बटण दाबलं नाही. व्यवस्थित चालू आहे.

गॅसचं मात्र तुम्हाला मुद्दाम सांगते, पुढेमागे उपयोगी पडेल. सिलिंडर सामानात न्यायचा नसतो. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केले, त्यांनी टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, दिला आणि डिपॉझिट परत केलं. परत मिळतं ते जुन्या दराने, आमचं 1,450 आणि रेग्युलेटरचे 150. इथे नव्याने भरायचे ते आजच्या दराने, 2,200 आणि 250. शेगडी आपली आपल्याबरोबर.

आता कपाटाचं.

आई, ते मी शेवटपर्यंत यादीत ठेवलं होतं. नग क्रमांक 1. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांनी स्वतः उभं राहून, पत्रा ठोकून बघून करून घेतलेलं कपाट, ते राहू दे असं मनातसुद्धा आलं नव्हतं. पण ह्यांनी इथलं घर घेतलं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना असा अरुंद की वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागतं. ह्यांनी जिन्याचं माप घेऊन पाठवलं. कपाट वळत नव्हतं. दोरांनी गॅलरीतून वर घ्यायचं तर हमाल वेगळे 1,200 मागत होते आणि पडलं तर आम्ही जबाबदार नाही म्हणत होते. शिवाय ट्रकात ते आठ-नऊ पोत्यांची जागा खात होतं. चार दिवस मी त्याच हिशोबाशी खेळत होते.

आपल्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या मुलीचं वैशाखात लग्न आहे. ते मराठवाड्यातले, बायको चार घरी पोळ्या लाटते. त्यांनी भीत भीत विचारलं, "ताई, कपाट नेणार का?" मी 3,500 ला दिलं. भंगारवाल्याने 2,000 सांगितले होते. आई, कपाटाच्या दाराच्या आत तू लग्नाच्या दिवशी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून होतं. फिकं झालेलं, एक टोक पुसलेलं, पण होतं. मी फडकं घेऊन पुसायला गेले तर काकू म्हणाल्या, "राहू द्या की, लेकीलाच द्यायचंय." तसंच राहू दिलं. त्याच्या खाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "लॉकरची दुसरी किल्ली आईकडे." ती किल्ली तुझ्या जुडग्यात असेल बघ. काढून ठेव, मे महिन्यात त्यांना पाठवायची आहे.

मी रडले का असं तू विचारशील. हो, रडले. दोघं-तिघं मिळून कपाट खाली नेत होते तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले. पण आज पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा हेच करीन. तुम्ही ते माझ्या संसाराला दिलं होतं, आणि संसार चालवताना त्या दिवशी मला ते ठेवणं परवडत नव्हतं. तुम्ही दोघांनी हे मनाला लावून घेऊ नये एवढंच मागणं आहे. दिवाण आणि टेबलही विकलं, त्यांचं मला काही वाटलं नाही.

पाटा-वरवंटा मात्र आणला. जड आहे, हमाल कुरकुरले, मी ऐकलं नाही. चिनूच्या बारशाला त्याच वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून दिला होता. तो विकायचा कसा? दुसरा मिळेल, पण तो मिळणार नाही.

27 मार्चला रात्री नऊला ट्रक लागला, दिवसा गाडी आत येऊ देत नाहीत. तीन हमाल, माणशी 900. ट्रकाचा हौदा संत्र्यांच्या वासाने भरलेला, कोपऱ्यात पेंढा होता तो मी झाडू दिला नाही, काचेच्या खोक्यांखाली तोच पसरला. एक सुकलेलं संत्रं पेंढ्यात सापडलं ते चिनूने खिशात घातलं. ड्रायव्हरने सामानाची यादी मागितली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण रस्त्यात कुणी विचारलं तर हातात कागद हवा, म्हणून "वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही" असं लिहून खाली सही करून दिली. 61 नग मोजले, मग फाळका लागला.

मी आणि चिनू रेल्वेने निघालो. स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं हे लोकांच्या लक्षात नसतं. माझ्या तिकिटावर मी दोन मोठ्या बॅगा, कागदपत्रं आणि तुळशीचं रोप आणलं. देव ट्रकमध्ये घातले नाहीत, रेशमी खणात बांधून मांडीवरच ठेवले होते.

ट्रक नगर, संभाजीनगर करत पुढे समृद्धीला लागला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात होता. मी वही घेऊन जिन्याशी उभी. मोजले तर 60. नग 37 नाही. पोटात गोळाच आला, कारण 37 मध्ये पाटा आणि आजीची लोणच्याची बरणी होती. ड्रायव्हर बिचारा स्वतः वर चढला, केबिनच्या टपावर ताडपत्रीच्या घडीखाली ते पोतं दडलं होतं. हमालांनी शेवटी उरलेलं म्हणून वर टाकलं असणार. वही नसती तर ते काटोलला गेलं असतं. त्याच्यासमोर बाकीचे 7,000 मोजून दिले आणि चहा केला. साखर सापडत नव्हती, गूळ घातला.

हिशोब बाबांसाठी: ट्रक 15,000, पुण्यातली हमाली 2,700, इथली 2,400, स्कूटर 2,650, गोणपाट-टेप-सुतळी 1,350. एकूण 24,100. विकलेल्या वस्तूंचे 8,700 आले. म्हणजे खिशातून 15,400. रेल्वेची तिकिटं वेगळी. नंतर एक जुना कूलर 5,500 ला घेतला, त्याशिवाय इथे एप्रिल निघत नाही. त्याला वाळ्याच्या ताट्या लावल्यात, दुपारी पाणी सोडलं की घरभर वास येतो. तेव्हा बाबा, एफडी पुन्हा करा. आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरू नका, ते पैसे तिकडचे आहेत.

आणि बाबा, झोपाळ्याच्या कड्या आणि जुनी खुर्ची पार्सलने पाठवतो म्हणालात, ती पाठवू नका. तुम्ही दोघंच या. कोल्हापूरहून थेट महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, दुपारी बसलात की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नागपूर. खालचे बर्थ मिळतील असं तिकीट हे काढतील. मात्र ऊन उतरल्यावर या, जूनचा पाऊस पडल्यावर. जिना हळूहळू चढू.

एक शेवटचं राहिलं. बरणी आली, पण तिचं झाकण फुटलं. चूक माझी. पाट्याच्या पोत्यात बरणी घालायला नको होती, आणि झाकणाला वेगळं फडकं गुंडाळायला हवं होतं. सध्या दादरा बांधून ठेवली आहे. आई, तिची जोडीची बरणी तुझ्याकडे आहे ना, फडताळात खाली? तिच्या तोंडाला सुतळी फिरवून माप घे आणि फोनवर सांग. दोन्हींचं माप एकच असेल तर येताना तिचं झाकण तेवढं पिशवीत घालून आण. कैऱ्या मी इथे घेऊन ठेवीन, लोणचं तू आल्यावर घालू.

तुमची,
ताई