सात भोकांचं टार्गेट

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होतो, पण हे फोनवर काढलं की तू मध्येच हसणार आणि मी विषय बदलणार. तीस वर्षं तेच चाललंय.

लेक एनसीसीत गेलीय हे तुला माहीत आहेच. ज्युनिअर विंग, दुसरं वर्ष. आता 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा. रविवारी पहाटे घरभर ब्रासोचा वास सुटतो. बूट मी पॉलिश करून देतो, ती ते हातात धरून निरखते आणि पुन्हा स्वतः घासायला बसते. आपली आई कशी पेजेत बुडवून खाकी शर्ट कडक करायची, की काखेत कापायचा! हिचा कपडाच वेगळा, पेज लागत नाही. बाकी सगळं तेच. तीच 'एडी मार', तेच 'दाहिने देख', आणि परेड संपल्यावर हातात केळं नि वडापाव. मला वाटतं, निम्मी पलटण अजूनही त्या वड्यावरच चालते.

तर झालं असं. शाळेच्या ड्रिल स्क्वॉडची निवड होती. पोरगी महिनाभर गच्चीवर कदमताल करत होती, खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. निवडीच्या दिवशी ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादांनी एकटीला चालायला लावलं आणि हिचा डाव्या पायाबरोबर डावाच हात वर! हसू नकोस. हा वारसा कुठून आला ते तुला सांगायला नको. तिला स्क्वॉडमधून काढून मॅप रीडिंगच्या टीममध्ये टाकलं. आणि दाहिना दर्शक, म्हणजे रांगेत सगळ्यांत उजवीकडचा तो मानाचा, कोण झालं? पहिलीपासून तिच्या शेजारी बसणारी तिची जिवलग मैत्रीण.

दोन दिवस अबोला. मी आपलं समजावत राहिलो. म्हटलं, एनसीसीच्या थल सैनिक कॅम्पला दिल्लीत मॅप रीडिंगचीही स्पर्धा असते, ऑब्स्टॅकल असतं, जजिंग डिस्टन्स म्हणजे नजरेने अंतर ओळखणं असतं, सगळे काही ड्रिलवरच जात नाहीत. म्हटलं, २०२२ ला प्रजासत्ताक दिनाच्या कॅम्पचं पंतप्रधान बॅनर, म्हणजे पहिल्या नंबराचा मान, महाराष्ट्राने आणलं, ते काय नुसतं पाय आपटून? तिथे फ्लॅग एरियाचे, म्हणजे कॅम्पात मांडलेल्या राज्याच्या देखाव्याचे, मार्क असतात, नाचगाण्यांचेही असतात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठल्या टीममध्ये होता?" मी म्हटलं, लाइन एरिया. तंबूपुढच्या विटांना गेरू नि चुना लावायचो. यावर ती जे हसली, त्यानेच अबोला सुटला.

गेल्या रविवारी मग तिला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो. बरोबर साधं होकायंत्र आणि नकाशाची झेरॉक्स. मला वाटलं होतं, मी शिकवीन. तिने मलाच उभं केलं. आधी सिंहगडाचा टॉवर धरला, २०० अंश. मग पर्वतीचं देऊळ, १४०. मग बॅक बेअरिंग, म्हणजे तिथून आपल्याकडे येणारी उलटी दिशा: १८० च्या वर असेल तर १८० वजा करायचे, खाली असेल तर मिळवायचे. म्हणजे सिंहगडापासून २० ची रेघ आणि पर्वतीपासून ३२० ची. जिथे कापतील तिथे आपण. रेघा वेताळबाबाच्या देवळापासून बोटभर बाजूला कापल्या. मी म्हटलं, वा, बोटभरच तर चुकलं! ती म्हणाली, "बाबा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर आहे. बोटभर म्हणजे पाऊण किलोमीटर." आणि पुन्हा बसली मोजायला.

नंतर आम्ही अंतरं ओळखत बसलो. तुला ती सेक्शन औसतची पद्धत आठवते? प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा आणि बेरीज करून भागायचं. तू कायम सगळ्यांच्या दुप्पट सांगायचास आणि आख्ख्या सेक्शनचा औसत बोंबलायचा.

तर उतरताना, चालता चालता, ती मान खाली घालून म्हणाली, "ती माझी मैत्रीण आहे, पण मला तिचा राग येतो. तिने काहीच केलं नाहीये, तरी येतो." बंड्या, मला उत्तरच देता येईना. कारण मला तू दिसायला लागलास. पंधरा ऑगस्टला मैदानावर सगळ्यांत उजवीकडे ताठ उभा असलेला. आणि मी मागे, हातात चुन्याची बादली.

आता मुद्द्याचं. कॅम्पमधली फायरिंग आठव. पॉइंट टू टू रायफल, २५ मीटर, पाच राउंड. मी चार नंबरला, तू पाच नंबरला. टार्गेट आणायला गेलो तर तुझ्यावर सात भोकं. पाच एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी, आणि दोन लांब, डाव्या कोपऱ्यात. माझ्या कागदावर तीन. पण सहा नंबरवाल्याचीही दोन गायब होती, त्यामुळे कुणाची ते ठरेना. उस्तादांनी विचारलं, "पाँच नंबर पे किसका फायर है?" दोनदा विचारलं. सहा नंबरवाला बिचारा खरंच गोंधळला होता. मी गवतात रिकामी काडतुसं शोधण्याचं नाटक करत होतो. गोळ्या मोजून मिळायच्या, पुन्हा फायर नाही. तुझं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते, सात भोकांचं धरलं आणि फायरिंग टीममधून तुझं नाव गेलं.

ती दोन माझी होती. चाप ओढताना मला कळलं होतं, रायफल उजवीकडे सरकली म्हणून. मुद्दाम नाही मारली, आईशप्पथ. पण गप्प मात्र मुद्दाम बसलो. 'दाहिना दर्शकही हाच, फायरिंगलाही हाच?' एवढंच तेव्हा डोक्यात होतं. रात्री लंगरमध्ये तू तुझ्यातली एक पुरी माझ्या मेस टिनमध्ये टाकलीस, आणि मी ती खाल्ली.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. पायथ्याशी उसाच्या रसाच्या गाड्यावर विचारलं, "काकांना माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग आधी त्यांना सांगा."

म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात पुण्याला येणार आहेस असं वहिनी म्हणत होत्या. शनिवारी मुक्कामाला आमच्याकडेच ये. रविवारी पोरगी तुला टेकडीवर नेणार आहे, तिला तिसरी रेघ काढायची आहे आणि तिच्या मते तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर असणार. बूट घालून ये, चपला चालायच्या नाहीत.

शिव्या द्यायच्या असतील तर पत्रातच दे, वहिनींसमोर नको.

तुझाच,
चार नंबर