लिस्बनहून आई-बाबांना

लिस्बन, 9 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप आहे, तब्येत उत्तम आहे, आणि हे पत्र स्टुटगार्टहून नव्हे तर पोर्तुगालमधील लिस्बनहून लिहीत आहे. आई, दिवाळीला येता आले नाही आणि आता ही फिरायला बरी निघाली, असे तुझ्या मनात येणारच, म्हणून आधीच सांगते. दिवाळीच्या सुमारास कामाचा शेवटचा टप्पा होता आणि तेव्हा आमच्यापैकी कोणालाच रजा मिळाली नाही. उरलेल्या सुट्ट्या वर्षअखेरीस वाया जाणार होत्या, आणि इथवरच्या तिकिटाला मुंबईच्या तिकिटाच्या दहाव्या हिश्शाएवढेही पैसे पडलेले नाहीत. एवढ्या थोड्या दिवसांत रेवदंड्याला येऊन परतणे शक्य असते, तर मी तिकडेच आले असते.

बाबा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज सकाळी पंधरा नंबरच्या ट्रामने बेलें या भागात जाऊन जेरोनिमोसचा मठ पाहिला. चर्चच्या दारातून आत शिरताच एका बाजूला वास्को द गामाची समाधी आहे आणि समोरच्या बाजूला पोर्तुगीजांच्या महाकवीची, कामोंइशची. गामाचा दगडी पुतळा हात जोडून उताणा निजलेला आहे आणि खाली समाधीच्या अंगावर गलबत कोरलेले आहे. तो वारला 1524 साली आपल्या कोचीला, आणि त्याचे अवशेष या मठात आणले ते 1880 मध्ये. मठाचे बांधकाम 1501 च्या सुमारास सुरू झाले आणि त्याचा बराचसा खर्च आफ्रिकेच्या व पूर्वेकडच्या व्यापारावरील सुमारे 5 टक्के करातून भागवला गेला. त्या व्यापारात मिरीचा वाटा केवढा मोठा होता, हे तुम्ही शाळेत इतक्या पिढ्यांना शिकवले आहे, की मी निराळे सांगण्याची गरज नाही. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड आणि त्यांचे पीळ पाहून कौतुक वाटले, आणि हा सगळा थाट कोणाच्या वेलीवरच्या मिरीतून उभा राहिला हे आठवून थोडा रागही आला. आपला रेवदंड्याचा किल्ला 1740 साली पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या ताब्यात गेला, ही गोष्ट मात्र मला तिथे कुठे लिहिलेली आढळली नाही. आपल्या खाडीपलीकडच्या कोर्लईची माणसे अजूनही घरात जी बोली बोलतात ती पोर्तुगीजपासून निघालेली आहे, असे मी हॉस्टेलच्या बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी मला ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मठाजवळच 1837 पासून चालत आलेले टार्टचे दुकान आहे. त्याआधी 1834 साली देशातले मठ बंद करण्यात आले आणि तिथली कृती या दुकानाकडे आली, असे म्हणतात. टार्ट गरमच मिळते. वरची साय जागोजागी करपलेली, बाहेरचे पापुद्रे कुरकुरीत आणि आतले दूध, साखर व अंड्याच्या बलकाचे मिश्रण इतके कढत, की पहिला घास मी तोंडात नुसता फिरवत राहिले. वर दालचिनीची पूड भुरभुरवायची असते. आजीला नुसते ‘गोड होते’ एवढेच सांग, बलकाचे नको.

आता इथली एक रीत सांगते, जी कळायला मला सगळी दुपार लागली. खानावळीत जाऊन टेबलाशी बसले, तर काही सांगण्यापूर्वीच वाढप्याने पावाची टोपली, ऑलिव्हची वाटी, लोणी आणि चीजचा एक तुकडा माझ्यापुढे आणून ठेवला. हे पाहुणचाराचे असावे, असेच कोणालाही वाटेल. परंतु ते फुकट नसते, आणि मागवलेलेही नसते. खाल्ले तर त्याचे पैसे बिलात लागतात, न खाल्ले तर लागत नाहीत; तुम्ही न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या पदार्थाचे पैसे घेऊ नयेत असा त्यांचा कायदाच आहे, आणि भावही खाद्ययादीत लिहिलेला असतो. शिवाय प्रत्येक जिन्नस वेगळा धरतात, म्हणजे पाव खाल्ला आणि चीज तसेच ठेवले, तर फक्त पावाचे पैसे. नको असेल तर ‘घेऊन जा’ म्हणायचे, आणि त्यात कोणी रागावत नाही. पण आई, पुढ्यात आलेले अन्न परत पाठवायचे नाही हे ज्या घरात लहानपणापासून बजावले, तिथली मी; माझ्या तोंडून ते शब्द निघेनात. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी टोपली बोटाने अलगद कडेला सारली आणि ते वर्तमानपत्र वाचू लागले, तेव्हा मलाही धीर आला. चीज परत पाठवले. पाव खाल्ला, कारण तो खरोखरच चांगला होता.

नंतर बाकाल्याव मागवले, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. एवढा समुद्र दाराशी असून हे लोक जीव टाकतात तो नॉर्वेकडून येणाऱ्या सुक्या माशावर, याचे मला फार नवल वाटले. दुकानांत त्याच्या फळ्यांसारख्या ताठ तुकड्या रचलेल्या असतात, आणि तिथला वास आपल्या सुक्या बोंबलांच्या बाजाराची हुबेहूब आठवण देतो. घरी तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. मी खाल्लेल्या प्रकारात त्याचे रेशे काढून कांदा, काड्यांसारखे बारीक तळलेले बटाटे आणि सैलसर अंडे यांत परतलेले होते. चव सौम्य होती. तुझ्या हाताखालून गेले असते तर दोन आमसुले आणि लसूण नक्की पडली असती.

संध्याकाळी आल्फामाच्या चढावर गल्ल्यांतून हिंडले. सध्या कोपऱ्याकोपऱ्यावर चेस्टनट भाजणाऱ्यांच्या गाड्या आहेत आणि त्यांचा धूर रस्ताभर पसरलेला असतो. कागदाच्या पुडीतले गरम चेस्टनट सोलत मी चौथऱ्यावर नदीकडे तोंड करून बराच वेळ बसले होते. एकटीने हिंडण्याची काळजी करू नये, कारण रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर बायका-मुले असतात. पर्स पोटाशी धरलेली असते. पदपथावरचे पांढरे-काळे दगड पावसात निसरडे होतात खरे, पण मी जाड तळव्याचेच बूट घातले आहेत. आणि मी वाळलेली दिसते, हा निव्वळ फोनच्या कॅमेऱ्याचा दोष आहे.

आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी आई एकटीनेच अलिबागच्या खेपा घातल्या, हे मला मावशीकडून कळले. मला काळजी वाटू नये म्हणून सांगितले नाही, हे समजते. तरी यापुढे सांगत जावे. थेंब वेळेवर घातले जात आहेत ना?

मावशीने सुचवलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही. पुढच्या रविवारी त्यांच्याशी फोनवर बोलेन, मात्र पत्रिका जुळते एवढ्यावरून कोणाला शब्द देऊ नये. फेब्रुवारीत मी येणार आहे. तिकीट काढलेले आहे, त्यामुळे हे नुसते आश्वासन नव्हे. निसर्ग वादळानंतर लावलेल्या पोफळी आता कुठे धरू लागल्या आहेत, तेव्हा पंपासाठी आणि कुंपणासाठी सोसायटीचे कर्ज काढू नये. मंगळवारी परत पोचले की पैसे पाठवते.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
सुमी

ता. क. या वेळी पैसे आईच्या खात्यावर पाठवत आहे. बाबा, तुमच्या खात्यावर पाठवले की तुम्ही ते माझ्याच नावे मुदत ठेवीत टाकता, आणि पंप तसाच राहतो.